ग्रोथ हॉर्मोनचा आठवड्याचा डोस तोच, वाटणी वेगळी: रोज, तीनदा की एकदाच?

कराड_बालरोग

नमस्कार. ७ वर्षांचा मुलगा, वजन २० किलो. फक्त ग्रोथ हॉर्मोनची कमतरता आहे, थायरॉइड आणि कॉर्टिसॉल व्यवस्थित, एमआरआयमध्ये पिच्युटरी (मेंदूखालची, हे हॉर्मोन तयार करणारी ग्रंथी) लहान. निदान मोठ्या केंद्रात झाले (क्लोनिडीन आणि ग्लुकागॉन, दोन्ही चाचण्या केलेल्या), फॉलोअप माझ्याकडे. रोज झोपताना ०.६ मिग्रॅ सोमाट्रोपिन (औषध म्हणून बनवलेले ग्रोथ हॉर्मोन) चालू आहे, म्हणजे किलोमागे ०.०३ मिग्रॅ.

पालकांचे म्हणणे असे: आठवड्याला एकूण ४.२ मिग्रॅच द्यायचे आहे ना, मग १.४ मिग्रॅ सोमवार, बुधवार, शुक्रवार असे दिले तर काय बिघडते? सुया सातच्या तीन होतील. आजोबांनी कुठेतरी वाचले आहे की पूर्वी असेच देत असत. दुसरीकडे आठवड्यातून एकदाच घ्यायच्या इंजेक्शनची जाहिरात त्यांनी पाहिली आहे, त्यामुळे "एकदा चालते तर तीनदा का नाही" हा प्रश्न त्यांना पडणे साहजिकच आहे.

मला स्वतःला तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. तीनदा आणि रोज यांत वाढीचा फरक किती? शरीर हे हॉर्मोन झटक्याझटक्याने सोडते, मग आठवडी औषधात ते झटके नाहीसे होतात त्याचे काय? आणि रविवारी सुट्टी देऊन सहा दिवस दिले तर चालेल का?

पुणे_एंडो

डॉक्टर, तीनदा देऊ नका. हा प्रयोग होऊन गेलेला आहे आणि त्याचा निकाल स्पष्ट आहे.

आजोबांनी वाचले ते खरे आहे. १९८५ पर्यंत हे हॉर्मोन मृत व्यक्तींच्या पिच्युटरी ग्रंथींतून काढत आणि स्नायूत आठवड्यातून दोन-तीनदा टोचत. साठा फार कमी असायचा. दोन-तीनदा देण्यामागे टंचाई होती, ती शरीराला मानवणारी पद्धत आहे असे कुणी सिद्ध केलेले नव्हते. त्यातून क्रॉइट्झफेल्ट-याकोब या मेंदूच्या जीवघेण्या रोगाची प्रकरणे उघड झाल्यावर १९८५ मध्ये ते थांबवले गेले. त्याच वर्षी जनुकीय तंत्राने बनवलेले हॉर्मोन बाजारात आले, औषध मुबलक झाले आणि मग पद्धती एकमेकींशी ताडून पाहता आल्या.

किलोमागे आठवड्याला ०.३ मिग्रॅ हा एकच एकूण डोस, एका गटाला रोज आणि दुसऱ्याला तीनदा, अशी चार वर्षे चाललेली अमेरिकी चाचणी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज घेणाऱ्या मुलांची उंची चार वर्षांत ९ सेंमीहून जास्त अधिक वाढली, आणि हाडांचे वय मात्र त्यांच्यात जास्त पुढे सरकले नाही. हा दुसरा भाग पालकांना जरूर सांगा. हाडे लवकर पिकवून मिळवलेली ती उंची नव्हती.

असे का होते? त्वचेखाली दिलेले सोमाट्रोपिन साधारण ३ ते ६ तासांत रक्तात शिखर गाठते आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत जवळजवळ संपलेले असते. आयजीएफ-१ (या हॉर्मोनमुळे शरीरात तयार होणारा, वाढ घडवणारा घटक) त्याच्या मागून चढतो, एका दिवसाच्या आसपास वर असतो आणि मग उतरू लागतो. रोज सुई असेल तर उतार सुरू होईपर्यंत पुढचा डोस पडतो. सोमवार-बुधवार-शुक्रवार वेळापत्रकात दर फेरीचा दुसरा दिवस कोरडा जातो, आणि शुक्रवार ते सोमवार हा तर तीन दिवसांचा खड्डा. वर, १.४ मिग्रॅ एकदम दिले म्हणून ०.६ च्या सव्वादोन पट काम होत नाही. डोस दुप्पट केला की वाढ दुप्पट होत नाही, वरच्या टोकाला परिणाम चपटा होत जातो. म्हणजे जास्तीचा भाग वाया आणि कोरडे दिवस पदरात.

सहा दिवस चालेल. रोजच्या औषधासाठी आठवड्याला ६ ते ७ इंजेक्शने ही सर्वमान्य पद्धत आहे. तुमच्या मुलाला ४.२ भागिले ६, म्हणजे ०.७ मिग्रॅ द्या. सुट्टीचा वार मात्र ठरलेला हवा. "ज्या दिवशी जमले नाही तो सुट्टीचा" असे झाले की महिन्याभरात सहाचे चार होतात.

ठाणे_फार्माकॉलॉजी

झटक्यांबद्दल लिहितो, कारण इथे उंदरांवरचे निष्कर्ष माणसावर चिकटवले जातात आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

निसर्गात मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून येणारे जीएचआरएच पिच्युटरीला ग्रोथ हॉर्मोन सोडायला लावते, सोमॅटोस्टॅटिन ते अडवते, आणि त्यातून दिवसभरात लहानमोठे झटके येतात. सर्वांत मोठा झटका रात्री गाढ झोप लागल्यानंतर लगेच. शिरेतले हॉर्मोन २० मिनिटांच्या आसपास अर्धे होते, त्यामुळे दोन झटक्यांच्या मध्ये पातळी जवळपास शून्यावर येते. नर उंदरात झटके ठळक आणि मादीत पातळी सपाट असते. हॉर्मोन नसलेल्या उंदराला झटक्यांनी दिले तर तो सतत दिल्यापेक्षा जास्त वाढतो. पेशीतला स्टॅट५बी हा निरोप्या दोन झटक्यांमधल्या विश्रांतीत पुन्हा तयार होतो, असे त्याचे स्पष्टीकरण आहे. हे सगळे खरे, पण उंदरात.

माणसात चित्र वेगळे दिसते. पंपाने त्वचेखाली सतत हॉर्मोन सोडून केलेल्या अभ्यासांत आयजीएफ-१ रोजच्या इंजेक्शनइतकाच चढला. त्याहून मोठा पुरावा निसर्गाने दिलेला आहे: पिच्युटरीत गाठ असलेल्या मुलात हॉर्मोनची पातळी शून्यावर येतच नाही, आणि ती मुले अवाढव्य वाढतात. सपाट पातळीवर माणसाचे हाड वाढत नसते तर महाकायता हा आजारच राहिला नसता.

आणि तसे पाहिले तर रोजची सुईसुद्धा निसर्गासारखी नाही. ती दिवसाला एकच, दहा-बारा तास पसरलेला रुंद डोंगर तयार करते. आपण गेली चाळीस वर्षे झटक्यांची नक्कल केलेलीच नाही, आणि तरी मुले वाढली आहेत.

आठवडी औषधांच्या मोठ्या चाचण्यांतले वर्षभराच्या वाढीचे आकडे पाहा. लोनापेगसोमाट्रोपिन ११.२ सेंमी, त्याच चाचणीत रोजचे १०.३. सोमाट्रोगॉन १०.१, रोजचे ९.८. सोमापॅसिटान ११.२, रोजचे ११.७. तिन्ही ठिकाणी आठवडी औषध रोजच्यापेक्षा कमी पडत नाही एवढेच सिद्ध करायचे होते आणि ते झाले. तीन चाचण्यांतली मुले वेगळी आहेत, म्हणून हे आकडे आडवे लावून "अमुक कंपनीचे भारी" असा अर्थ काढू नका.

पालकांच्या "एकदा चालते तर तीनदा का नाही" या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. आठवडी औषधाचा रेणू वेगळा असतो. सोमापॅसिटान रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून राहते. लोनापेगसोमाट्रोपिन वाहकाला बांधलेले असते आणि त्यातून मूळ हॉर्मोन हळूहळू सुटते. सोमाट्रोगॉनला एचसीजी या गरोदरपणातल्या हॉर्मोनच्या शेपटीचे तुकडे जोडलेले असतात, त्यामुळे ते शरीरातून सावकाश बाहेर पडते. साधे सोमाट्रोपिन यातले काहीच करत नाही.

खंड पडला तर काय होते याचा आणखी एक दाखला. १९९९ मध्ये महिन्यातून एकदा-दोनदा द्यायचे डेपो इंजेक्शन अमेरिकेत आले होते. त्यातले निम्म्याच्या आसपास हॉर्मोन पहिल्या दोन दिवसांतच सुटून जायचे आणि शेवटचे दिवस रिकामे जायचे. वाढ रोजच्या उपचारापेक्षा कमी भरली, टोचल्या जागी गाठी यायच्या. २००४ मध्ये ते बंद झाले. झटका नसला तरी माणूस वाढतो, खड्डा पडला की वाढ अडते.

इंजेक्शन_शिक्षिका_नाशिक

वरचे सगळे बरोबर आहे, पण घरी काय चुकते ते सांगते. कागदावर ०.६ असते आणि अंगात ०.४ जाते, मग डॉक्टर डोस वाढवतात.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक: मिग्रॅ आणि युनिट. १ मिग्रॅ म्हणजे ३ युनिट. तुमच्या मुलाचे ०.६ मिग्रॅ म्हणजे १.८ युनिट. पेन बदलले, नवे पेन युनिटचे निघाले आणि आईने सवयीने ०.६ फिरवले, तर मुलाला तिसरा हिस्साच मिळतो. उलट चूक झाली तर तिप्पट. चिठ्ठीवर दोन्ही आकडे लिहा आणि पेनची ताकदही लिहा. ५, १० आणि १५ मिग्रॅच्या पेनची एक टिक सारखी नसते. उदाहरणार्थ दीड मिलीच्या एका तयार पेनमध्ये ती अनुक्रमे ०.०२५, ०.०५ आणि ०.१ मिग्रॅ आहे. १५ च्या पेनवर ०.६५ बसवताच येत नाही.

नवे पेन सुरू करताना सुईच्या टोकावर थेंब दिसेपर्यंत हवा काढायची. ४ मिमीची सुई पुरते. बटण पूर्ण दाबून सावकाश दहा मोजायचे आणि मगच सुई बाहेर. लगेच काढली तर त्वचेवर थेंब दिसतो, आणि तो थेंब म्हणजे गेलेला डोस. सुई पेनवर लावून ठेवली की औषध गळते आणि हवेचा बुडबुडा आत जातो, म्हणून प्रत्येक वेळी सुई काढून झाकण लावा. पूड असलेल्या कार्ट्रिजमध्ये (पेनमधली औषधाची नळी) द्रव मिसळल्यावर हलक्या हाताने फिरवा, खळखळवू नका. प्रथिन आहे, फेस झाला की गुठळ्या धरते. गढूळ दिसले तर वापरायचे नाही.

जागा: मांडी, पोट, नितंब, दंडाची मागची बाजू. रोज किमान दोन बोटे सरकून. एकाच ठिकाणी टोचत राहिले की तिथली चरबी खड्ड्यासारखी बसते किंवा गोळा होते आणि औषध नीट शोषले जात नाही. मुले त्याच जागेचा हट्ट धरतात कारण तिथे दुखत नाही. न दुखणारी जागा हीच बिघडलेली जागा, हे लक्षात ठेवा. हात फिरवून बघितल्याशिवाय ते कळत नाही, त्यामुळे प्रत्येक फॉलोअपला कपडे बाजूला करून बघाच.

साठवण २ ते ८ अंश. फ्रीजच्या दारात नको, बर्फाच्या कप्प्याला टेकून तर मुळीच नको. एकदा गोठले की फेकायचे, वितळल्यावर दिसायला छान दिसले तरीही. एसटीने गावी जाताना लोक पेन थेट बर्फाच्या पिशवीला चिकटवतात आणि तिथेच ते गोठते. मध्ये कापडाची घडी हवी. उघडलेली बरीच कार्ट्रिज २८ दिवस चालतात, पण ब्रँडप्रमाणे मुदत बदलते म्हणून उघडल्याची तारीख मार्करने पेनवरच लिहा.

चुकलेल्या रोजच्या डोसचे सोपे आहे: आठवले तेव्हा उशीर झाला असेल तर सोडून द्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट द्यायचा नाही. आठवड्याला दोन चुकले तर डोस जवळजवळ २९ टक्के कमी झाला, एवढा हिशेब मात्र पालकांसमोर मांडा. वाढ मंदावली की आधी रिकामी कार्ट्रिज मोजा. २० किलोच्या या मुलाला ५ मिग्रॅचे कार्ट्रिज आठ दिवस जाते. महिन्याला चार संपायला हवीत. तीनच संपली असतील तर आयजीएफ-१ मागवण्याआधी तुम्हाला उत्तर मिळाले.

कराड_बालरोग

मनापासून आभार. कार्ट्रिजचा हिशेब पुढच्या भेटीपासून सुरू करतो. दोन गोष्टी राहिल्या. रात्रीऐवजी सकाळी दिले तर? वडिलांची पाळी बदलती आहे, आई सुई द्यायला घाबरते. आणि पुढेमागे आठवडी औषधावर गेलो तर आयजीएफ-१ कधी तपासायचा? आता तर ते कोणत्याही दिवशी घेतात.

पुणे_एंडो

रात्री देण्यामागे तर्क आहे. झोपेतल्या मोठ्या झटक्याच्या जवळ जाते, आणि चरबी व साखरेचे रात्रीचे चढउतार निसर्गासारखे राहतात असे अभ्यासांत दिसले आहे. पण उंचीच्या दृष्टीने नियमितपणा जास्त मोलाचा. वडील सकाळी घरी असतील आणि रोज सकाळी सात वाजता सुई नक्की पडणार असेल, तर रात्रीच्या अर्धवट वेळापत्रकापेक्षा ते चांगले.

आता आयजीएफ-१. रोजच्या औषधात तो दिवसभरात फार हलत नाही, म्हणून वार महत्त्वाचा नाही. डोस बदलल्यावर किमान ४ ते ६ आठवडे जाऊ द्या आणि आधीच्या आठवड्यात एकही सुई चुकलेली नसावी. मूल आजारी, नीट न जेवणारे किंवा थायरॉइड कमी असलेले असेल तर आयजीएफ-१ खोटाच कमी येतो.

आठवडी औषधात मात्र नमुन्याचा वार हाच सगळा खेळ आहे. इंजेक्शननंतर दोन-तीन दिवसांत आयजीएफ-१ शिखरावर, सातव्या दिवशी तळाशी. शिखरावर घेतलेला नमुना पाहून डॉक्टर घाबरून डोस कमी करतात, तळाचा पाहून वाढवतात, आणि दोन्ही वेळा मूल नीट चाललेले असते. आठवड्याची सरासरी साधारण चौथ्या दिवशी भेटते: सोमापॅसिटानला तिसरा-चौथा, सोमाट्रोगॉनला चौथा, लोनापेगसोमाट्रोपिनला चौथा ते पाचवा. इंजेक्शन रविवारी असेल तर रक्त गुरुवारी. प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर शेवटच्या इंजेक्शनचा दिवस आणि वेळ लिहायची सवय लावा. सरासरी वयाप्रमाणे ० ते +२ एसडीएसमध्ये (त्या वयाच्या सरासरीपासूनचे अंतर दाखवणारे माप) ठेवायची, +२ च्या वर टिकून राहिली तर डोस उतरवायचा.

मिग्रॅची तुलना इथे फसवते. २० किलोला सोमापॅसिटान ३.२ मिग्रॅ (किलोमागे ०.१६), लोनापेगसोमाट्रोपिन ४.८ (०.२४), सोमाट्रोगॉन १३.२ (०.६६). रेणूचे वजन आणि ताकद वेगळी असल्याने हे आकडे एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत. एका ब्रँडची चिठ्ठी दुसऱ्यावर चालवली तर चौपट चूक होऊ शकते.

चुकलेल्या डोसची मुदतही वेगळी. सोमापॅसिटान आणि सोमाट्रोगॉन ठरलेल्या दिवसानंतर ३ दिवसांपर्यंत देता येते, लोनापेगसोमाट्रोपिन २ दिवसांपर्यंत. त्यापुढे सोडून द्यायचे आणि पुढच्या ठरलेल्या वाराला द्यायचे. आणि आठवडी औषधात एक चूक म्हणजे अख्खा आठवडा गेला. रोजच्यात एक चुकली तर सातवा हिस्सा. कोणत्या घराला काय झेपेल, हे बघूनच ठरवा.

नवजात_एंडो_मुंबई

एक अपवाद नोंदवते, कारण धागा वाचून कुणी तान्ह्या बाळाला लागू करेल. जन्मतः पिच्युटरी कमी असलेल्या बाळात ग्रोथ हॉर्मोनचे पहिले काम उंची नसते, रक्तातली साखर टिकवणे हे असते. उपाशी वेळेत चरबी मोकळी करून साखर वाचवणारे हॉर्मोनच नसेल तर पहाटे साखर कोसळते आणि बाळाला आकडी येते. इथे एकही दिवसाचा खंड परवडत नाही, रविवारची सुट्टीसुद्धा नाही. आठवडी औषधे या वयाला मुळात नाहीत: लोनापेगसोमाट्रोपिन १ वर्षापुढे आणि किमान ११.५ किलो, सोमापॅसिटान अडीच वर्षांपुढे, सोमाट्रोगॉन ३ वर्षांपुढे.

आणि एकापेक्षा जास्त हॉर्मोन कमी असतील तर कॉर्टिसॉल आधी तपासा आणि आधी भरून काढा. ग्रोथ हॉर्मोन सुरू झाले की कॉर्टिसोनचे कॉर्टिसॉल होणे कमी होते आणि झाकलेली अ‍ॅड्रिनल कमतरता उघडी पडते. फ्री टी४ (थायरॉइडचे हॉर्मोन) सुद्धा उतरू शकतो, त्यामुळे सुरुवातीला दर तीन महिन्यांनी बघा.

फिजिशियन_कोल्हापूर

मोठ्यांबद्दल एवढेच: किलोमागे डोस काढू नका. ३० च्या आत रोज ०.४ ते ०.५ मिग्रॅ, ३० ते ६० मध्ये ०.२ ते ०.३, साठीपुढे ०.१ ते ०.२ अशी सुरुवात, आणि दर एक-दोन महिन्यांनी ०.१ ते ०.२ ने आयजीएफ-१ पाहून वाढ. पायाला सूज, सांधेदुखी, हाताला मुंग्या आल्या की डोस जास्त झालेला असतो. तोंडाने इस्ट्रोजेन घेणाऱ्या बाईला जास्त लागतो, त्वचेवरची पट्टी लावली तर तेवढा लागत नाही. गोळी बंद करून पट्टी सुरू केली आणि जुनाच डोस ठेवला तर महिन्याभरात सूज येते.

कराड_बालरोग

पालकांशी बोललो. सध्या रोजचेच, सहा दिवस ०.७ मिग्रॅ, सकाळी सात वाजता, शनिवारी सुट्टी. पुढे आठवडी औषधावर जायचे ठरले तर रोजचे किती दिवस आधी थांबवायचे?

पुणे_एंडो

थांबवायची गरज नाही. सोमापॅसिटान आणि सोमाट्रोगॉन शेवटच्या रोजच्या इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशी सुरू करा. लोनापेगसोमाट्रोपिनला मध्ये किमान ८ तास पुरतात. बदलाच्या दिवशी वजन आणि उंची मोजा. उंची त्याच स्टेडिओमीटरवर, सकाळच्याच वेळी, तीनदा मोजून सरासरी, कारण संध्याकाळपर्यंत उंची सेंटिमीटरभर कमी भरू शकते. बदलानंतर वाढीचा वेग सहा महिन्यांच्या आत काढू नका. तीन महिन्यांच्या मोजणीत अर्ध्या सेंमीची चूक वार्षिक आकड्यात दोन सेंमीची होते, आणि त्या दोन सेंमीवरून उगाच डोस वाढवला जातो. बदल झाल्यावर पहिले काही आठवडे डोकेदुखी, उलटी किंवा धूसर दिसणे आले तर इंजेक्शन थांबवून डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. लंगडणे किंवा गुडघा-खुबा दुखणे आले तर त्याच दिवशी दोन्ही खुब्यांचा एक्स-रे, बेडूकपाय स्थितीतला धरून.